हुडहुडी, कापरं, झटका, आकडी

‘कुत्रं थरथरतंय’ एवढंच फोनवर सांगितलं, तर कुठल्याही पशुवैद्याला त्यावरून फारसं काही उमगत नाही. वास्तविक मराठीत या एका गोष्टीसाठी कितीतरी शब्द आहेत आणि एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही. थंडीतापाने भरते ती हुडहुडी. सगळ्या अंगाला बारीक, न थांबणारा कंप सुटतो ते कापरं. पाय नेमके पडत नाहीत ती लटपट. एकच स्नायू राहून राहून उडतो तो झटका. शुद्ध हरपते, अंग ताठ होतं, पाय झाडले जातात ती आकडी. माणसांकडे आणि गुरांकडे पिढ्यान्‌पिढ्या बारकाईने बघणाऱ्या लोकांनी हे शब्द घडवले. पशुवैद्यकाची आजची वर्गवारीही बरीचशी याच रेषांवरून जाते. म्हणून आपलं पिल्लू थरथरताना दिसलं, की घाबरण्याच्या आधी स्वतःला विचारायचं: हे नेमकं यातलं काय आहे?

या प्रकरणात ‘तरुण कुत्रं’ म्हणजे जन्मापासून साधारण दोन वर्षांपर्यंतचं. वय महत्त्वाचं, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय थरथरतात तेव्हा सांधेदुखी, झिजलेले स्नायू, मूत्रपिंडाचा आजार अशा दिशेने विचार होतो. पिल्लाच्या बाबतीत यादी वेगळी होते: रक्तातली साखर, संसर्ग, विष, जन्मजात दोष. या यादीतली बरीच कारणं तासांच्या हिशेबाने बिघडतात.

आधी निरुपद्रवी थरथर बाजूला काढू. झोपेत पिल्लाचे पंजे हलतात, ओठ फडफडतात, कधी बारीक भुंकल्यासारखा आवाज येतो. मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांत हे जास्त दिसतं, कारण स्वप्नाच्या झोपेत स्नायूंना शांत ठेवणारी मेंदूतली यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते. लांबूनच हळू आवाजात नाव घ्यावं. पिल्लू डोळे उघडून ओळखीने बघतं आणि हालचाल थांबते. आकडी हाकेने थांबत नाही, आणि ती ओसरल्यावरही कुत्रं काही वेळ भांबावलेलं असतं. थंडीची हुडहुडीही स्वाभाविक. स्नायू वेगाने आकुंचन पावून उष्णता तयार करतात, आणि लहान अंगाची उष्णता लवकर निसटते, म्हणून चिवावा किंवा मिनिएचर पिन्शर लॅब्रॅडॉरच्या कितीतरी आधी कुडकुडतात. उलट जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताच येत नाही. एवढं कोवळं पिल्लू गार लागलं, की ते थरथरत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. त्याला आईच्या कुशीची किंवा बाहेरून उबेची तातडीने गरज असते. दिवाळीतले फटाके, गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल, दवाखान्यातलं पोलादी टेबल यांनी सुटणारं भीतीचं कापरं कारण टळलं की ओसरतं. लस दिल्याच्या दिवशी थोडी कणकण आणि सुस्ती येते, ती एका दिवसात जाते. पण लसीनंतर तोंड सुजलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच पावली परत फिरावं.

तापाची हुडहुडी ओळखायची तर थर्मामीटर हवा. कुत्र्याचं नाक गरम की गार, यावरून काही कळत नाही. निरोगी कुत्र्याचं गुदद्वारातून घेतलेलं तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. म्हणजे माणसाला जो ताप म्हटला जाईल, तो त्याचा रोजचा आकडा. 104 च्या पुढे गेलं तर दवाखाना. आपल्याकडे तरुण कुत्र्याच्या तापामागे गोचीड बऱ्याचदा असतात. त्यांच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेशिया हे रोगजंतू शिरतात. हिरड्या फिक्या पडणं, लघवी गडद होणं, नाकातून रक्त येणं यांपैकी काहीही हुडहुडीच्या जोडीला दिसलं, तर रक्ततपासणी उद्यावर ढकलू नये. आणि घरातली तापाची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नये. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तपेशींना मारक ठरू शकतं, आयबुप्रोफेन पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंड निकामी करतं. प्रेमापोटी दिलेली अर्धी गोळी मूळ दुखण्याहून महाग पडते.

आता साखर. तीन महिन्यांखालचं, त्यातही पॉमेरेनियन, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर किंवा चिवावा यांसारख्या लहान चणीचं पिल्लू सकाळी मलूल दिसतं, मान टाकतं, कापायला लागतं, पाय लटपटतात. अशा वेळी पहिला संशय रक्तातल्या साखरेचा घ्यावा. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा जेमतेम काही तासांचा असतो. नव्या घरी आल्याच्या गोंधळात पिल्लू खात नाही, प्रवासात उपाशी राहतं, जंतांनी किंवा जुलाबाने आतून पोखरलेलं असतं, आणि तो साठा संपतो. साखर प्रति डेसिलिटर 60 मिलिग्रॅमच्या खाली गेली, की मेंदूला इंधन अपुरं पडू लागतं. पुढची पायरी आकडी, त्यापुढची बेशुद्धी. इथे घरच्या माणसाला खरोखर काही करता येतं. बोटावर मध किंवा घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर घ्यावी आणि हिरड्यांना चोळावी. तोंडात ओतू नये. गिळण्याची शुद्ध नसेल तर द्रव फुप्फुसात जातो. मग पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून निघावं. पाच-दहा मिनिटांत ते उठून शेपूट हलवू लागलं तरी निघावंच, कारण साखर का घसरली हा प्रश्न तसाच राहिलेला असतो आणि ती पुन्हा घसरू शकते. एवढ्या लहान पिल्लाला दर तीन-चार तासांनी थोडंथोडं खायला लागतं. पिल्लू विकणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवशीच घेणाऱ्याला सांगायला हवी.

साखर अचानक उतरवणारं एक विष घरातच असतं. साखरविरहित च्युइंगगम, काही टूथपेस्ट आणि मधुमेहींसाठीचे काही पदार्थ यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो इन्सुलिनचा लोंढा सोडतो. अर्ध्या-एक तासात कुत्रं लटपटू लागतं आणि पुढे यकृताला इजा होऊ शकते.

विषाकडे आलोच आहोत तर इथे थोडं थांबू. आतापर्यंत धडधाकट खेळणारं पिल्लू तासाभरात थरथरायला लागलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते विष समजावं, असं माझं ठाम मत आहे. पिल्लू जग तोंडाने ओळखतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. बेचैनी, धडधड, थरथर ही लक्षणं सहा ते बारा तासांनी दिसतात आणि दोन-तीन दिवस टिकू शकतात. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं घातक. बुरशी आलेला पाव किंवा कचऱ्यातलं आंबलेलं अन्न यांतल्या काही बुरशी अशी विषं तयार करतात की सगळं अंग थडथड उडतं. पावसाळ्यात अंगणात आलेला बेडूक पिल्लू तोंडात धरतं. मोठ्या खरबरीत भेकाच्या कातडीतलं विष हिरड्यांतून शोषलं जातं आणि तोंडाला फेस येतो. अशा वेळी मान खाली धरून ओल्या फडक्याने तोंड आतून पुसून काढावं आणि दवाखाना गाठावा.

शेतावरच्या कुत्र्यांसाठी एक वेगळा धोका वाढला आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बांधाबांधावर पोहोचल्या. अशा गोळ्यांच्या आमिषात बहुधा धान्याचा कोंडा असतो, आणि तो गोगलगायीइतकाच कुत्र्यालाही आवडतो. खाल्ल्यावर अर्ध्या ते तीन तासांत अंगभर जबरदस्त कापरं भरतं. स्नायू एकसारखे काम करत राहिल्यामुळे अंग इतकं तापतं की तो तापच जिवावर उठतो. यावर उतारा नाही. पण वेळेत पोहोचलं तर शिरेतून औषध देऊन कापरं थांबवता येतं, अंग थंड करता येतं, आणि पुष्कळ कुत्री वाचतात. उरलेल्या गोळ्यांची पिशवी गोठ्यात उघडी ठेवू नका.

गोचीड मारण्याच्या औषधाचीही हीच गत. गाई-म्हशींसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ अंदाजाने पाण्यात मिसळून तीन महिन्यांच्या पिल्लाला त्यात बुचकळलं जातं, आणि संध्याकाळी ते कापत पडलेलं असतं. गुरांच्या मापाने टोचलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही असंच करतं: पाय लटपटतात, डोळ्यांना दिसेनासं होतं, पिल्लू दिवसेंदिवस गुंगीत राहू शकतं. कोली जातीच्या आणि तिच्याशी नातं असलेल्या काही कुत्र्यांत मेंदूचा या औषधापासून बचाव करणारी जनुकीय व्यवस्थाच बिघडलेली असते, त्यांना थोडं प्रमाणही पुरतं. अंगावर लावलेल्या औषधाने थरथर सुरू झाली असेल, तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुऊन, कोरडं करून न्यावं.

भारतात सांगितलीच पाहिजे अशी आणखी एक गोळी आहे. क्षयाच्या उपचारातलं आयसोनियाझिड. ज्या जैवरासायनिक वाटेने माणसाचं शरीर हे औषध निकामी करतं, ती वाट कुत्र्यात नाही. पाच-सहा किलोच्या पिल्लाने 300 मिलिग्रॅमची एक गोळी चघळली, तरी आकड्यांवर आकड्या येऊन ते दगावू शकतं. पण याला उतारा आहे, आणि तो साधा आहे: पिरिडॉक्सिन, म्हणजे ब-6 जीवनसत्त्व, शिरेतून. डॉक्टरला वेळेत सुचलं तर प्राण वाचतो, आणि ते सुचण्यासाठी ‘घरात टीबीचं औषध चालू आहे’ हे सांगायला हवं. लोक संकोचाने हे लपवतात. कृपा करून लपवू नका.

विषाच्या संशयात एक चूक हमखास होते: मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं. थरथरणाऱ्या कुत्र्याला उलटी करायला लावलं तर ती श्वासनलिकेत जाते, आणि मीठ स्वतःच विष बनून मेंदूला सूज आणतं. दूध, तूप, कोळसा, काही नको. जे खाल्लं त्याचं वेष्टन, उरलेली गोळी, उलटीचा फोटो एवढं बरोबर घ्या.

आता झटका. हा शब्द मी मुद्दाम कापऱ्यापासून वेगळा ठेवला आहे. पिल्लू शांत बसलेलं असतं आणि त्याच्या डोक्यावरचा, जबड्याचा किंवा एका पायाचा स्नायू ठरावीक लयीत, घड्याळाच्या टिकटिकीसारखा उडत राहतो. कित्येकदा झोपेतही ही लय थांबत नाही. हे दिसलं की अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: लसी पूर्ण झाल्या का? कारण असा झटका ही डिस्टेंपरची ओळखीची खूण आहे. हा रोग विषाणूमुळे होतो हे आंरी कारे या फ्रेंच पशुवैद्याने 1905 मध्ये दाखवलं. गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद. सुरुवातीला ताप, डोळ्यांना-नाकाला चिपडं, खोकला, जुलाब. पिल्लू यातून सावरतंय असं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, विषाणूने मेंदूत काय केलं ते समोर येतं. झटके, च्युइंगगम चघळल्यासारखा जबडा हलणं, आकड्या, मागचे पाय लुळे पडणं. पंजांच्या गाद्या आणि नाक कडक, खरखरीत झालेलं असलं तर संशय आणखी पक्का होतो.

विषाणूवर थेट मारा करणारं खात्रीचं औषध नाही. सलाइन, पोषण, दुय्यम संसर्गाला प्रतिजैविकं, आकड्यांना औषध, अशी शुश्रूषा करावी लागते. काही पिल्लं वाचतात आणि जन्मभर एक पाय किंचित उडवत आनंदाने जगतात. झटका सुरू झाला म्हणजे सगळं संपलं असं समजून लगेच दयामरणाची घाई करू नये, आणि आकड्या आवरत नसतील तर हट्टाने ओढतही नेऊ नये. या विषाणूची ताकद किती आहे, ते 2018 मध्ये गीरने दाखवलं. तिथे काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला हाच विषाणू सापडला.

लस मात्र आहे, आणि चांगली आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा का, असं लोक विचारतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं सुरुवातीला पिल्लाचं रक्षण करतात, पण तीच लसही निष्फळ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून एक डोस देऊन ‘लस झाली’ म्हणणं चूक आहे.

कधीकधी मात्र सगळं तपासून होतं, ताप नाही, साखर ठीक, विषाचा पत्ता नाही, लसी पूर्ण, तरीही कापरं आहे. वर्ष-दोन वर्षांचं, बहुधा लहान चणीचं कुत्रं एके दिवशी अंगभर कापू लागतं. उत्तेजित झालं की जास्त, झोपलं की कमी. हा आजार आधी माल्टीज, वेस्ट हायलँड टेरियर अशा पांढऱ्या कुत्र्यांत नोंदला गेला, पण रंगाशी त्याचं नातं पक्कं नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूच्या काही भागांवर उलटत असावी, असं मानलं जातं. स्टेरॉइड दिल्यावर बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो. पुढे ते महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत न्यावं लागतं, मधेच सोडायचं नाही. दुसरा प्रकार बुलडॉग, बॉक्सर, डोबरमन यांच्यात दिसतो. फक्त डोकं, ‘हो-हो’ किंवा ‘नाही-नाही’ म्हटल्यासारखं हलतं. कुत्रं पूर्ण शुद्धीत असतं आणि नाकाशी बिस्किट धरलं की हलणं थांबतं. याला सहसा औषध लागत नाही. आणि दोन-तीन आठवड्यांची पिल्लं पाय टेकायला लागताच कापत असतील, झोपेत शांत होत असतील, तर मज्जातंतूंवरचं आवरण जन्मतः अपुरं असण्याची शक्यता पाहावी लागते.

एका आजाराचं नाव मुद्दाम सांगतो, कारण तो फार वेळा निसटतो: ॲडिसन. तरुण ते मध्यमवयीन कुत्र्यांत, माद्यांत जास्त. अधूनमधून उलट्या-जुलाब, अशक्तपणा, थरथर. सलाइन लावलं की कुत्रं टवटवीत होतं, महिन्याभराने पुन्हा तेच. मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करत नाहीत. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघून संशय येतो, पुढची चाचणी निदान पक्कं करते, आणि उपचाराने कुत्रं पूर्ण आयुष्य जगतं. ‘पोट बिघडलंय’ हे उत्तर तिसऱ्यांदा मिळालं, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल नम्रपणे विचारा. तसंच पहिल्या वेतातली लहान चणीची मादी पिल्लांना पाजताना कापू लागली, चालताना ताठ झाली, तर ते बहुधा कॅल्शियमचं संकट असतं. पिल्लं बाजूला करून तिला त्याच तासाला न्यावं.

आकडी आलेल्या कुत्र्याला कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कुत्रं जीभ गिळत नाही, पण भान हरपलेल्या जबड्यात बोट सापडलं तर तुटतं. फर्निचर सरकवा, दिवा मंद करा, घड्याळ बघा. एक आकडी दोन मिनिटांत थांबून कुत्रं भानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. मात्र हे मोठ्या, एरवी निरोगी कुत्र्यापुरतं खरं. पाच मिनिटांहून जास्त टिकली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर रात्र असो की पहाट, निघायचं.

इथे रेबीज आठवावाच लागतो. लसीकरण झालं आहे की नाही हे माहीत नसलेलं, नुकतंच रस्त्यावरून उचललेलं पिल्लू कापत असेल, स्वभाव अचानक पालटला असेल, खालचा जबडा लोंबत असेल, लाळ गिळता येत नसेल, तर घशात हाड अडकलंय का हे बघायला हात घालू नका. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस सुरू करा. पिल्लू लहान आहे म्हणून धोका लहान होत नाही.

मग वाट कधी बघायची? पिल्लू चार महिन्यांहून मोठं आहे, शुद्धीत आहे, खातंय, खेळतंय, हिरड्या गुलाबी आहेत आणि थरथर एकदाच येऊन गेली, तर एक दिवस बघायला हरकत नाही. बाकी सगळ्यांत उशिराची किंमत जास्त आहे. चार महिन्यांखालचं पिल्लू थरथरत असेल आणि खात नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. फोनवर तीस सेकंदांचा व्हिडिओ काढून घ्या, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत थरथर बरेचदा थांबलेली असते, आणि आपल्या वर्णनापेक्षा तो तुकडा डॉक्टरला अधिक सांगतो. लसीचं कार्ड, शेवटचं खाणं कधी झालं, घरात कोणाला कुठलं औषध चालू आहे, गेल्या आठवड्यात जंतांचं किंवा गोचिडांचं काय दिलं, हे एका कागदावर लिहा.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही. साताऱ्याकडच्या लोकांना शिरवळचं महाविद्यालय जवळ पडतं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असली, तरी तिथले डॉक्टर कुत्रंही तपासतात. तुमच्या गावात रात्री दोन वाजता कोण दार उघडतं, हे मात्र तुम्हालाच शोधून ठेवावं लागेल. आज दिवसाउजेडी दोन-तीन ठिकाणी फोन करा, रात्री कोण असतं ते विचारा, आणि तो नंबर पिल्लाच्या लसीकार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.